खड्ड्याचा माग

ती कुठंही बसली तरी आधी पायांना जागा शोधायची. दवाखान्याचा बाक असो, रेशनच्या दुकानाची पायरी असो, बाई बसल्या जागी जरा पुढं सरकायची, पाय खाली सोडायला मिळतात का बघायची, आणि मिळाले की सैलावायची. कुणाच्या बारशाला सतरंजी अंथरलेली असली की हिची पंचाईत. मग ती सरळ बाहेर ओट्याच्या कडेला जाऊन बसायची. "अहो, आत या की," असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं.

"पायाले जागा पायजे जी."

आणि पाय खाली लोंबले की ते आपोआप चालू व्हायचे. डावा खाली, उजवा वर. उजवा खाली, डावा वर. वर तोंडानं ती तुमच्याशी मेथी कशी महागली ते बोलत असायची आणि खाली पाय आपलं काम करत असायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शिंपी तुमच्याशी बोलताना तुमच्या बाहीची शिवण बघत असतो, तसंच. हिचा धंदा हिच्या पायांत होता.

मी सुरतेतल्या बमरोलीत राहते. माहेर आणि सासर दोन्ही शिंदखेड्याकडचं, पण मालक इथं मिलमध्ये लागले आणि खाडीकाठच्या या चाळीत आमचं आयुष्य गेलं. मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. मधे एक गल्ली. गल्लीच्या अलीकडं आमची पक्की चाळ, पलीकडं खाडीपर्यंत पत्र्याची घरं. तिचं घर बरोबर माझ्या दारासमोर. ती भंडाऱ्याकडची. बापाच्या घरी हातमाग, सासरी हातमाग. गावातली विणकरांची सोसायटी बंद पडली तसा नवरा इकडं पॉवरलूमवर आला. तो लवकर गेला. मुलगा मोठा होऊन लूमवरच लागला. आणि या बाईनं काय करावं? जिथं चहूकडून लूमचा खडखडाट ऐकू येतो त्या सुरतेत, आपल्या पत्र्याच्या खोलीत, दाराजवळ उजेड बघून तिनं जमीन खणायला घेतली.

तेव्हा माझी सासू होती. तिनं खिडकीतून बघितलं आणि मला हाक मारली, "हाई बाई घरमा हीर खंदी ऱ्हायनी का काय वं?"

विहीर नव्हती. तो मागाचा खड्डा होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. विणणारं माणूस जमिनीवरच बसतं, पण पाय खाली खड्ड्यात सोडतं. खड्ड्यात दोन लाकडी पट्ट्या असतात. त्या आळीपाळीनं दाबल्या की वर ताणलेले धागे वरखाली होतात, आणि मधून धोटा इकडून तिकडं पळतो. पावसाळ्यात खाडीचं पाणी जमिनीखालून त्या खड्ड्यात झिरपायचं. मग सकाळी ती तेलाच्या डब्यानं पाणी उपसायची, खाली विटा टाकायची आणि ओल्या विटांवर पाय ठेवून बसायची. "मासोळी नाई निघाली का?" असं मी विचारायची. "निघाली होती जी. म्हने, मले लुगडं पायजे."

तिचं गिऱ्हाईक म्हणजे आम्ही म्हाताऱ्या. सुरतेत कापडाला तोटा नाही, पण नऊवारी सुती लुगडं, धुवून धुवून मऊ होणारं, ते कुठून आणायचं? ती विणायची. खानदेशच्या बाया, बीड-परभणीकडच्या बाया, सगळ्या तिच्याकडं यायच्या. तिला सगळे मागवाली म्हणायचे. मागवाली मावशी, मागवाली काकू. तिचं खरं नाव वस्तीत कुणाला ठाऊक होतं की नाही, शंकाच आहे.

मुलगा तिला चिडवायचा. "आई, मी डबा खाऊन हात धुईपर्यंत माझा लूम तुझं सगळं लुगडं काढून देईल."

"काढंल ना. त्याले डबा खावा लागत नाई."

तिची अडचण होती सुताची. सुरतेत चकचकीत रेशमासारखा धागा गल्लोगल्ली, पण सुती लडी तिला गावाकडून यायच्या. तिचा एक मावसभाऊ पाठवायचा. तो थकला, त्याचे डोळे गेले, आणि लडी येणं कमी कमी होत गेलं. कुणीतरी तिला सांगितलं की सरकारची विणकरांसाठी योजना आहे, ओळखपत्र मिळालं की सूत स्वस्तात आणि घरपोच मिळतं. त्या दिवसापासून तिला एकच ध्यास. आपलं नाव विणकर म्हणून लागलं पाहिजे. नाहीतर हातातलं सूत संपलं की माग बंद.

पुढं शाळेच्या मैदानावर सरकारी मेळावा लागला. मंडप, टेबलं, टेबलामागं साहेब. मी डोळे तपासायच्या रांगेत होते, ती दुसऱ्या. दुपारी परत आली ती उड्या मारायचीच बाकी होती.

"भाभी, झालं काम."

"एवढ्यात?"

"मानूस मोठा चांगला. मी पुढं जाऊन उभी रायली, तं त्यानं सोताहूनच इचारलं, तमारी माग शुं छे. त्याले कसं ठाऊक का मी मागवाली हाय?"

"मग?"

"मंग मी सांगतलं, खड्ड्याचा हाय. तं म्हने, केटलो ऊंडो? मी मांडीला हात लावून दाखवला, येवढा. पावसाळ्यात पानी भरते म्हटलं. कुठं हाय? दाराजवळच हाय म्हटलं. तं त्याचा चेहराच उतरला. म्हने, कोई पडी जशे तो? म्हटलं, नातू पडला होता येकदा. मंग त्यानं लिहून घेतलं आन् म्हने, पुराई जशे बेन, चिंता नही करो. पुरं होऊन जाईन म्हने, भाभी."

मी मोतीबिंदूच्या काळजीत होते, माझं अर्धं लक्ष. मी म्हटलं, चांगलं झालं.

चारसहा दिवसांनी गल्लीत ट्रॅक्टर आला. मागं मुरूम भरलेला, बरोबर तीन माणसं आणि एक छोटा रोलर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, तिच्या दारासमोरच, एक जुना खड्डा होता. त्यात रिक्षा कलंडायच्या, पोरं होड्या सोडायची. कितीदा अर्ज गेले होते, काही झालं नव्हतं. त्या माणसांनी विचारलं, "मागवाळां बेन कोण?" आणि तिच्यासमोर तो खड्डा बुजवून, रोलर फिरवून, उरलेला मुरूम तिच्या दारापाशी ढीग घालून निघून गेली.

सगळी वस्ती गोळा झाली. कुणी म्हणालं, मागवाली काकूची वरपर्यंत ओळख आहे. ती दारात उभी, हातात धोटा, काही समजत नाही. संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर आली. पाय सोडले. पण पाय चालू होईनात.

"भाभी, मी मागाचं बोलली होती. हे काय करून गेले?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिला सांगितलं की बाई, गुजरातीत माग म्हणजे मागणी. साहेबानं विचारलं तुझी मागणी काय, आणि तू म्हणालीस खड्डा. पाणी भरतं, नातू पडतो. आणि पुराई जशे म्हणजे पुरं होईल नव्हे, बुजवला जाईल.

ती म्हणाली, "म्हनून तो वानी." आणि हसायला लागली. तिनं ती गोष्ट मला फार पूर्वी सांगितली होती. पहिल्यांदा ती सुताला लावायच्या खळीसाठी तांदूळ आणायला गेली तेव्हा शेजारच्या पोरीनं दुकानदाराला हाक दिली, काका, मागवाली मावशी आलीय. त्यानं वर न बघता म्हटलं, आगळ जाव. हिला वाटलं त्याच्याकडचा तांदूळ संपला, म्हणून ही खरंच पुढच्या दुकानात गेली. इतकी वर्षं तिला उमगलं नव्हतं की त्यानं भिकारीण समजून हाकललं होतं. ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मीही हसले. मग पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं,

"मंग मागाले काय म्हनतेत त्यायच्यात?"

"साळ म्हणतात. हाथशाळ."

"शाळंत तं मी गेलीच नाई, भाभी."

पुढच्या वेळी मी तिच्याबरोबर विणकरांच्या योजनेच्या ऑफिसात गेले. जिन्यात ती घोकत होती, हाथशाळ, हाथशाळ. तिथले साहेब वयस्क होते, सभ्य होते. "सुरत मां हाथशाळ?" म्हणाले, आणि चष्मा काढून तिच्याकडं बघत बसले. म्हणाले, बेन, इथं सगळं पॉवरलूम, हातमागवाले दुसऱ्या जिल्ह्यांत. तुमच्या गावी अर्ज करा. तिनं सांगितलं, गावाकडं विचारलं होतं, ते म्हणतात तुमचं रेशनकार्ड सुरतेचं, तिथं करा. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, माणूस पाठवतो, माग चालू दिसला पाहिजे.

माणूस आला. तरुण होता, मोटारसायकलवर. त्याला मागासकट बाईचा फोटो हवा होता, काम करताना. खोली एवढीशी. तो भिंतीला टेकला, दारात गेला, शेवटी माझ्या ओट्यावरून काढला. तिनं खास धुतलेलं लुगडं नेसलं होतं. फोटो आम्हाला दाखवला. माग दिसत होता, हात दिसत होते, चेहरा दिसत होता, पण कमरेखालची बाई जमिनीत गेलेली.

"अन् पाय?" तिनं विचारलं.

"पग नी जरूर नथी, मासी," तो म्हणाला.

मी भाषांतर केलं. तो गेल्यावर ती म्हणाली, "पायानंच तं होते सगळं."

ओळखपत्राची वाट बघणं सुरू होतं, त्यातच खाडीकाठानं रस्ता होणार असं पक्कं झालं. पत्र्याची घरं उठणार, प्रत्येकाला कोसाडला सरकारी घर. खोटं कशाला बोलू, त्या घरांनी लोकांचं भलंच झालं. घरात नळ, घरात संडास, वर पक्कं छप्पर. तिची सून तर रडली आनंदानं. तिलाही नळाचं अप्रूप होतं. पण घरं मोजायला आलेल्या बाईला तिनं आपला माग दाखवला तेव्हा ती बाई म्हणाली, सामान आहे ते, बरोबर घेऊन जा.

"माग नेता येईन जी," ती मला म्हणाली. "खड्डा कसा नेऊ?"

सोडतीत तिसरा मजला निघाला. मुलानं खालच्या मजल्यासाठी विचारून बघितलं, पण सोडत ती सोडत.

जायच्या आदल्या दिवशी तिनं माग उतरवला. आम्हाला वाटलं उरलेले धागे ती कापून टाकेल. तर नाही. मागाच्या फणीत अडकलेले वीतभर धागे तिनं तसेच ठेवले. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवताना या जुन्या टोकांना एकेक नवा धागा वळायचा, असं असतं म्हणे. बापानं तिच्या नवऱ्याला दिलेली ती फणी. "हे धागे कधी सरू देत नाई आमी," म्हणाली. केस अडकलेल्या कंगव्यासारखी दिसणारी ती फणी तिनं जुन्या साडीत गुंडाळून बाजूला ठेवली.

मग ती खड्डा बुजवायला लागली.

मुलगा वैतागला. "उद्या जेसीबी येणार आहे. सगळंच पाडतील. तू कशाला कंबर मोडून घेतेस?"

"ज्याच्यात पाय ठेवून खाल्लं तो उघडा टाकून जायचा नाई. बापानंबी बुजवला होता."

दारापाशी मुरमाचा ढीग अजून होता, गल्लीच्या खड्ड्यातून उरलेला. घमेलं घमेलं करून तिनं तो आत नेला. मीही दोन घमेली टाकली. "साहेबानं पाठवलाच होता," ती म्हणाली, "मीच उशीर केला." सगळं भरल्यावर ती वर उभी राहिली आणि पायांनी दाबायला लागली. डावा, उजवा. डावा, उजवा. मी म्हटलं, पुरे झालं. ती थांबली नाही. मी माझ्या दारात येऊन बसले आणि बघत राहिले.

कोसाड आमच्यापासून लांब, तापीपलीकडं, दोन बस बदलून. फोनवर बोलणं व्हायचं. आणि एक दिवस तिचा आवाज असा की मी ओळखलाच नाही. ओळखपत्र आलं होतं. त्याच्यामागोमाग योजनेतून माग मंजूर झाला होता, उभा माग, लोखंडी चौकटीचा, ज्याला खड्डा लागत नाही. सूतही आलं होतं. मुलानं आणि शेजाऱ्यांनी चौकटीचे तुकडे जिन्यानं वर चढवले, पलंग बाहेर काढला, खोलीत माग उभा केला. तिनं जुन्या टोकांना नवं सूत वळलं. "पह्यलं लुगडं तुमचं," म्हणाली. मला रडूच आलं.

मी गेले तेव्हा दिवस चांगला चढला होता. वाटलं जिन्यातच ठोके ऐकू येतील. काही नाही. वर गेले तर माग उभा, त्यावर तीनेक हात लुगडं विणलेलं, हिरवं, बारीक काठाचं. पुढं नुसते धागे. आणि चौकटीच्या कडांवर सुनेनं पोरांचे कपडे वाळत घातलेले.

"काय झालं वं?"

तिनं बोटानं खाली जमिनीकडं दाखवलं. खालच्या खोलीत ओडिशाकडची मुलं राहायची, सगळी लूमवर. मागाचा ठोका पडला की खालचं छत धमधमायचं. पहिल्याच दिवशी एक मुलगा वर आला. भांडला नाही. डोळे लाल, हात जोडलेले. "मौसी, थोडा बंद करो. रातपाली करके आया हूँ."

"मंग दुपारून कर," मी म्हटलं.

"ते एकच पाळी नाई जी. एकजन उठते, दुसरा त्याच्याच गोधडीत निजते. तिथं कोनी ना कोनी झोपलेलंच रायते." तिनं मागाच्या पायांखाली गोधड्या घालून बघितल्या, टायरचे तुकडे घालून बघितले. आवाज कमी झाला, धमक कमी झाली नाही.

"भांडायचं होतंस. सरकारनं दिलाय माग. कागद आहे तुझ्याकडं."

"कोनाशी भांडू? त्याचाबी माग, माहाबी माग. माहा मालक असाच येऊन झोपे. पत्र्यावर कावळा बसला तरी मी हाकलत जाऊ." तिनं पुन्हा खाली बोट दाखवलं. "हा झोपला नाई अन् मशिनीत हात गेला त्याचा, तं?"

साहेबांना जाऊन सांगितलं का, असं मी विचारलं. सांगितलं होतं. ते म्हणाले होते, तळमजल्यावर स्वतःची जागा दाखवा, शेड मंजूर करतो. चांगले होते साहेब. तिच्याकडं दाखवायला जागा नव्हती, एवढंच.

चहा घेऊन आम्ही गॅलरीत बसलो. तिथं लोखंडी गज होते. तिनं सवयीनं पुढं सरकून दोन गजांमधून दोन पाय बाहेर सोडले. खाली तीन मजले मोकळी हवा. आणि पाय चालू झाले. डावा खाली, उजवा वर. ती मला नातवाच्या शाळेचं सांगत होती. नातू घरात गुजराती बोलतो म्हणाली, मला पाणी आण म्हटलं तर पाणी लावुं छुं म्हणतो, मी म्हणते लावू नको, आण. मी हसले. पण माझी नजर तिच्या पायांवरून हलत नव्हती.

"इथं पायाले मोठी जागा हाय, भाभी," ती म्हणाली. "पट्ट्या तेवढ्या नाई."

नंतर तिची तब्येत उतरत गेली. डॉक्टर म्हणाले रक्त कमी, कुणी म्हणालं मनाला लावून घेतलं. मला ठाऊक नाही. बसून असलेल्या माणसाला दुखणं लवकर सापडतं, एवढं मी पाहिलंय. शेवटी शेवटी ती फोनवर मला एकच विचारायची, तुमचं लुगडं राहिलं जी. मी म्हणायची, मला घाई नाही.

ती गेली त्या दिवशी मी पोचले तेव्हा तिला खाली आणलं होतं. मुलानं मागावरचं विणलेलं तेवढं कापड कापून तिच्या अंगावर घातलं होतं. ते घोट्यांपर्यंतच पुरलं. एका बाईनं पाय झाकायला टॉवेल आणला. मी तिला म्हटलं, राहू दे, तिचे पाय मोकळेच राहू दे. खालच्या खोलीतली मुलं झोपेतून उठून आली होती. खांदा द्यायला त्यातला एक होता. फणी, धाग्यांसकट, मुलानं मला दिली. माझ्या घरी खुंटीला आहे.

आता आमच्या दारासमोर रुंद रस्ता आहे. गाड्या सुसाट जातात. पण बरोबर माझ्या दारासमोर एका जागी त्या दचकतात. तिची खोली होती तिथंच रस्ता खचतो. दर पावसाळ्यानंतर महापालिकेची माणसं येतात, डांबर ओततात, पुन्हा पाऊस पडला की पुन्हा तेवढाच, खोलीच्या दाराएवढा, खाली जातो. रिक्षावाले शिव्या देतात. म्हणतात, खाली काय आहे कोण जाणे.

परवा वॉर्डातून एक मुलगी आली होती, हातात मोबाइल, घरोघर विचारत. चाळीतल्या सगळ्यांनी तिला तो खड्डाच सांगितला. मग ती माझ्या ओट्यापाशी आली. गोड होती पोर. आजीला हाक मारतात तशी वाकून म्हणाली,

"बा, तमारी कंई माग छे?"

"होता," मी म्हटलं.

तिला मराठी समजत नसावं. ती हसली, मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि पुढच्या दारी गेली.